दुसरा कप

३ ऑक्टोबर, सोमवार

सहाला जाग आली. गजर न लावता! नोकरी सोडून पाच महिने झाले, पण हे शरीर अजून ऑफिसचंच. उठून दाढीसुद्धा केली. कोणासाठी? तळ्यातल्या बगळ्यासाठी.

तळं सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. धुकं पाण्यावरून सरकतं ते बघत राहावंसं वाटतं. बघितलं. साडेसहा झाले. आता पुढे?

५ ऑक्टोबर

घरमालकीण भाडं न्यायला आली. गळक्या नळाबद्दल पाच मिनिटं बोलली. ती गेल्यावर लक्षात आलं, कालपासून मी आत्ता पहिल्यांदा तोंड उघडलं. नळ दुरुस्त होऊच नये असं वाटलं. म्हणजे पुन्हा येईल.

९ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या भावाला फोटो पाठवला. ओटा, चहा, मागे डोंगर. आधी एकच कप ठेवला होता, फार केविलवाणा दिसत होता. मग आतून दुसरा आणला, त्यातही चहा ओतला. खाली लिहिलं— ‘हेच खरं जगणं!’

मिनिटभरात उत्तर. ‘दादा, नशीबवान आहेस! दुसरा कप कोणाचा रे?’

‘येतं कोणी ना कोणी,’ असं ठोकून दिलं.

कोण येतं? माशी. नंतर दोन्ही कप मीच प्यायलो. दुसरा गार झाला होता.

१२ ऑक्टोबर

धाकट्याचा फोन. साहेबाने पुन्हा चारचौघांत झापलं म्हणे. ‘मीही सोडतो दादा. तू लिफ्टच्या कंपनीत वीस वर्षं टार्गेटं ओढलीस आणि सुटलास. मी काय असाच मरू?’

अरे, मला ना बायको ना पोरं. साठवलं, व्याजावर भागतंय. तुझी दोन लेकरं शाळेत, घराचं कर्ज अर्धंही फिटलेलं नाही— हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण तो म्हणाला, ‘आपल्या घरात हिंमत एकट्या तुझ्यात आहे.’ आणि मी फुगलो! ‘बघ, विचार कर,’ एवढंच म्हणालो. वीस वर्षं विक्री केली, गिऱ्हाईक कधी तयार झालंय ते मला कळत नाही होय?

१६ ऑक्टोबर

समुद्रावर आलोय. स्वातंत्र्य मिळालंय तर फिरायला नको? वेटरने विचारलं, ‘एकटेच का साहेब?’ आणि समोरची ताटली, ग्लास, चमचे उचलून घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही. तरी राग आला.

सूर्यास्ताचा फोटो धाकट्याला पाठवला. मग खोलीत जाऊन टीव्ही लावला. कसल्यातरी भांड्यांची जाहिरात होती. बाई फार आपुलकीने बोलत होती. शेवटपर्यंत ऐकली.

२१ ऑक्टोबर

धाकट्याच्या बायकोचा फोन. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होती, मागे पावलं वाजत होती. ती कधी आपण होऊन फोन करत नाही.

‘दादा, दुरून डोंगर साजरे म्हणतात. तुम्ही तर डोंगरातच आहात. तुम्हीच सांगा, खरंच एवढं छान आहे का? हे माझं ऐकत नाहीत. तुमचा शब्द म्हणजे ह्यांना देवाचा शब्द. राजीनामा लिहून ठेवलाय. एकट्या माझ्या पगारात कसं भागायचं?’

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

‘सांगतो त्याला,’ म्हणालो. ‘शप्पथ?’ म्हणाली. लहान पोरीसारखं! ‘शप्पथ.’

२२ ऑक्टोबर

लिहिला एकदाचा मेसेज. ‘बाबा रे, इथे घर खायला उठतं. आठवडा आठवडा माणसाशी बोलणं होत नाही. दुसरा कपही माझाच होता. तुझं भरलं घर आहे, नोकरी सोडू नकोस. फार तर दुसरी शोध.’ चांगला जमला होता.

पाठवणार, तेवढ्यात त्याचाच आला. ‘तुझे फोटो पोरांनी भिंतीवर लावलेत. रोज विचारतात, काका कधी बोलावणार?’

भिंतीवर! मी! माझा मेसेज पुसून टाकला. उद्या नीट लिहीन, सावकाश.

२३ ऑक्टोबर

उद्या.

२५ ऑक्टोबर

नळ दुरुस्त झाला. घरमालकीण आली नाही, प्लंबरलाच पाठवलं. त्याला म्हटलं, चहा घे. ‘घाईत आहे,’ म्हणाला. मीही वीस वर्षं हेच म्हणत आलो सगळ्यांना. धाकट्यालासुद्धा.

दिवसभर डोकं ठणकत होतं. मेसेज राहिला.

२८ ऑक्टोबर

धाकट्याने राजीनामा दिला. सकाळीच फोन. रविवारी चौघंही येतायत, आता इथेच घर बघायचं म्हणतो. मागे पोरं नाचत होती. तिचा आवाज आला नाही.

मग हळूच विचारलं त्याने, ‘दादा, घाई नाही ना केली मी? साहेब म्हणालाय, सोमवारपर्यंत मागे घेता येईल.’

सोमवारपर्यंत.

‘छे रे!’ म्हणालो. ‘किती वाजता पोचताय?’

फोन ठेवला आणि दुकानात जाऊन आणखी तीन कप घेऊन आलो.