एक जूनची माणसं आणि मालू

शहापूर,
१० ऑगस्ट २००४

प्रिय मालू,

पत्र फाडू नकोस गो! फोन केला की तू ठेवून देतेस, म्हणून हे धसईच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय. बातमीच अशी आहे की घाईघाईत लिहितेय. अक्षर गोड मानून घे.

आमच्या संस्थेच्या शाळेतली कारकुनाची जागा तुझ्या तोंडचा घास होती. अट एवढीच, की एक जुलैला वय अठ्ठावीसपर्यंत हवं. आमच्या कचेरीतल्या संगणकाने तुला एकोणतीस ठरवलं आणि यादीतून काढलं. तू रडत म्हणालीस, माझा जन्म डिसेंबर पंच्याहत्तरचा, बोटांवर मोजून बघ. आणि मी दीडशहाणी! संगणक चुकत नाय म्हणाले.

तुझं ते रडणं मनातून जाईना. काल तपासायला बसलेच. आम्ही यंदा डेटाबेस बदललाय. जुन्याला दोन तारखांमधले महिने विचारायचे, बाराने भागायचं, की पूर्ण वर्षं मिळायची. नव्याला थेट वर्षांचा फरक विचारला, तर हा बाबा फक्त सन किती वेळा बदलला तेवढंच मोजतो! मी मुद्दाम एकतीस डिसेंबरला जन्मलेलं बाळ घालून पाहिलं, तर एक जानेवारीला ते वर्षाचं! तुझंही तसंच, २००४ वजा १९७५, एकोणतीस! मी खुर्चीतून उडालेच. आमचा शिपाई चांगो चहा घेऊन आला होता, त्यालाही हाताला धरून दाखवलं.

मग आधी कसं कळलं नाही? आपल्याकडच्या गुरुजींमुळे! शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक असते? गुरुजी सरसकट एक जून लावतात. माझाही एक जूनच, आई मात्र म्हणते मी भातझोडणीत झाले. यादीतले बाकीचे सगळे एक जूनचे, एक जुलैच्या आत वाढदिवस झालेले, म्हणून त्यांची वयं बिनचूक आली. तुझे बाबा धरणावर कामाला, तू भातसानगरच्या दवाखान्यात जन्मलेली, म्हणून खरा दाखला तुझ्या एकटीचा. आणि नेमकी तूच अडकलीस.

आता गिळून बसले होते ते सांगते. वय काढणारी ती ओळ दुसऱ्या कुणाची नाही, माझी. तपासलं म्हणून सहीसुद्धा मीच ठोकली होती. आज सकाळी साहेबांपुढे, सगळ्यांदेखत, कबूल केलं. साहेब खूप ओरडले, आणि मग त्यांनी नव्या यादीवर सही केली. तुझं नाव आहे गो त्यात! मुलाखत गुरुवारी अकराला, इथेच शहापूरला. जन्माचा दाखला आण. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण ये.

शिव्या खायला तयार,
तुझीच संजीवनी