दुकान उघडायच्या आधी

४ फेब्रु. १९९८, उधना, सुरत
दुकान मिळालं! चावी हातात आहे. ताईने आणि मी मिळून शटर वर ढकललं. सत्तावन्नाव्या वर्षी माझी बहीण रिकाम्या गाळ्यात गिरकी घेते! आता घराच्या ओट्यावर शिवणं बंद. रविवारी, बावीसला मुहूर्त. झोप कसली येतेय.

८ फेब्रु.
मुहूर्तासाठी ताईचा नवा ब्लाउज. माप घेतलं तर दिवाळीपेक्षा छाती तीन इंच कमी. टेप सरकली असेल म्हणून परत घेतलं. तेवढंच.
"उपास करतेस का गं?"
"छे. दुकानाची धावपळ."
पण धावपळ तर आत्ता सुरू झाली...

९ फेब्रु.
रंगारी आला. बोर्ड निळा, अक्षरं पिवळी, गुजराती वर, मराठी खाली. झकास!
दुपारी डबा. ताई भाकरी डाळीत कुस्करून, घासागणिक पाणी पिऊन गिळत होती. खोदून विचारलं. संक्रांतीपासून कोरडं उतरत नाही म्हणे. वर, "माले काही व्हयेल नही!" म्हणजे काही झालेलंच नाही!

१० फेब्रु.
ओढतच डॉ.कडे नेलं. ताई टॉनिक मागत होती. डॉ. म्हणाले, नुसतं वजन उतरलं असतं तर आधी रक्त-लघवी, साखर, छातीचा फोटो बघितला असता. पण घास अडकतोय, आणि वय हे. दुर्बीण घालून अन्ननलिका बघायची, याच आठवड्यात.
"बावीसनंतर जाऊ," ताई.
"ना बेन. थांबायचं नाही," डॉ.
रस्ताभर भांडलो. मी म्हटलं, तुझ्याशिवाय शटर उघडणार नाही. फुगून बसली. मग चहा घेता घेता, "चल, परवाच उरकू. पण बावीस तारीख सोडायची नाही."

१२ फेब्रु.
दुर्बीण झाली. बाहेर आली ती बसक्या आवाजात, "बोर्डावर फॉल-पिको लिहिलं का?" मला हसू आवरेना, रडूही. दुर्बिणीवाले डॉ. मला म्हणाले, खालच्या बाजूला नळी अरुंद झालीय, तुकडा तपासायला काढलाय. काय आहे ते आज सांगता येणार नाही. ताईला सगळं सांगितलं. लपवून काय करू.

१५ फेब्रु.
आज ताईने वाटीभर पातळ खिचडी खाल्ली. आणि मुहूर्ताआधीच गिऱ्हाईक! शेजारच्या गल्लीतली नवरी, अकरा ब्लाउज!! कधी मिळतील विचारलं. मी ताईकडे बघितलं. ती मला न विचारता बोलली, "आखाजीला, अक्षय्य तृतीयेला घेऊन जा. कटिंग मी स्वतः करणार."
रिपोर्ट गुरुवारी.