बारा मिलिमीटर

३ मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तू एक्स-रे विभागात तीस वर्षं काढलीस म्हणून तुलाच कळवतो. घरात अजून कुणाला बोललो नाही. रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला निघाला, म्हणून डॉक्टरांनी प्रोस्टेटचा एमआरआय करायला लावला. रिपोर्टात एक डाग लिहिलाय, बारा मिलिमीटरचा. टेप लावून पाहिली, अर्धा इंचसुद्धा भरत नाही! एवढं कापड तर आम्ही शिलाईत दाबून टाकतो. पुढे पाचपैकी चार असंही काहीसं आहे, म्हणजे फार वाईट नसावं. नऊ तारखेची बायोप्सी मी महिनाभर पुढे ढकलली. शाळेचे दोनशे गणवेश डोक्यावर आहेत.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


७ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

धन्य आहेस! टेप दुकानातच ठेव. डागाच्या मापापेक्षा तो चारचा आकडा महत्त्वाचा, आणि ते परीक्षेतले गुण नव्हेत. आकडा जितका मोठा, तितका संशय जास्त. चार म्हणजे कॅन्सरचा संशय बराच आहे. पण तो संशय आहे, निकाल नव्हे. चार आलेल्यांतही काहींच्या बायोप्सीत काही निघत नाही. काहींना निघतो तो इतका संथ असतो की नुसतं लक्ष ठेवतात. स्कॅन कुठे बघायचं ते सांगतो. तिथे काय आहे, ते सुईने काढलेले तुकडेच सांगणार. तेव्हा आजच्या आज फोन कर आणि लवकरची तारीख माग. गणवेश दुसरा कुणीही शिवेल.

आणि बायकोला सांग. एरवी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, नेमकं हेच गिळून बसलास? मला राग आलाय, आणि काळजीने झोपही नाही.

तुझं भलं चिंतणारी,
ताई


१७ मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी फोन केला. कुणीतरी रद्द केलेली जागा मिळाली आणि काल बायोप्सी झाली. सुईपेक्षा तिच्या खटक्यानेच दचकत होतो, बारा वेळा. लघवीत थोडं रक्त आहे. तसं होईल हे आधीच सांगितलं होतं.

तुझ्या भावजयीलाही सांगितलं. ती म्हणाली, काहीतरी बिनसलंय हे तिने आठ दिवसांपूर्वीच ओळखलं होतं. मी एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या होत्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने मुकाट्याने उसवून ठेवल्या.

निकाल पुढच्या बुधवारी, सकाळी अकराला. डॉक्टर म्हणाले, सोबत कुणाला तरी आणा, अशा वेळी पेशंटला अर्धंच ऐकू जातं. ही येणार आहे, पण तिलाही त्या दिवशी ऐकू येईल असं वाटत नाही. ताई, मला भीती वाटते. तू ये.

तुझ्या आधाराचा भुकेला,
धाकटा