सावरीचं खोटं

बारामती,
२१ नोव्हेंबर १९९४

प्रिय मेघना,

गेल्या मंगळवारी सकाळी विहारात पंचशील म्हणताना माझी जीभ चौथ्या शीलापाशी अडली. खोटं बोलणार नाही, एवढंच तर म्हणायचं असतं. शेजारचे रामभाऊ कुजबुजले, "काय तात्या, इसरला व्हय?" वंदना अर्धी टाकून चपला घातल्या आणि थेट प्रेसमध्ये गेलो. तुझ्या पुस्तकाचा सोळा पानांचा तिसरा फर्मा छापून झाला होता, पण जुळवलेले शिशाचे खिळे अजून सोडले नव्हते. त्यातलं एकेचाळिसावं पान मी चिमट्यानं उपसून मोडलं.

घाबरू नकोस, पुस्तक ठीक आहे. पण तू इंदापूरहून हस्तलिखित पाठवलंस तेव्हा "प्रूफं तुम्हीच बघा, तात्या" असं लिहिलं होतंस, आणि त्या विश्वासावर मी काय केलं ते तुला सांगायला हवं.

सव्वीस वर्षं मी खिळे जुळवतोय. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कुस्त्यांची हँडबिलं. पुढल्या वर्षी मालक आबाजी ऑफसेट मशीन आणतायत, म्हणजे हातानं जुळवलेलं माझं हे शेवटचं पुस्तक, आणि त्यावर नाव माझ्या लेकीचं! 'मेघना' जुळवताना 'म' उचलला आणि तसाच धरून उभा राहिलो. भिगवणला धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या गावात अजून दिवे जळतात, तळहातावर उजेड घेऊन फिरणारी सावरी ते राखते, हे तुला सुचलं कसं गं? मी त्याच पाण्याकडे इतकी वर्षं बघतोय, मला फक्त मासे दिसले.

पण एकेचाळिसाव्या पानावर पहारेकरी विचारतो, दिव्यांची पेटी कुणी उघडली? आणि तुझी सावरी सांगते, मी नाही, भावानं. भावाला अंधाऱ्या बुरुजात कोंडतात आणि ती गप्प राहते. मला ते सोसेना. पोरींच्या हातात जाणारं पुस्तक, त्यातली नायिका अशी कशी? आबाजींनी पहिल्या दिवशी मला बजावलं होतं की जुळाऱ्यानं लेखकाचा कानासुद्धा हलवायचा नाही. मी तिथं 'मीच उघडली' असं जुळवलं. खालच्या चार ओळीही गाळल्या. कुणाला कळणार, असं वाटलं.

कळलं ते नकोशीला. आमच्या बाइंडिंगवाल्या चंद्राबाईची तेरा वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत आईजवळ बसून तिनं तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं होतं. सोमवारी छापलेले कागद हातात घेतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तात्या, ही ती न्हाय." मी म्हणालो, कोण ती? "सावरी. हिनं खरं सांगितलं, मग भावाला कोंडलं कशापायी? आन ही त्याला सोडवाया अंधारात जाती कशाला?" मी म्हटलं, बाळा, चांगली मुलगी खोटं बोलत नाही. तर म्हणते कशी, "असली चांगली पोरगी आमच्या बुकात हर धड्याला हाय. मी आईला कितींदा खोटं सांगितलंय. सावरीनं बी सांगितलं, आन तरी ती परत गेली, म्हणून मला आवडली व्हती." चंद्राबाई तिच्यावर ओरडली, "मोठ्या माणसाला शिकवती व्हय गं!"

मंगळवारी आबाजी आले, मोडलेलं पान बघून हसले. "सव्वीस वर्षांत पयली चूक, ती बी लेकीच्या पुस्तकात?" मी सांगितलं, चूक नाही आबाजी, मी मुद्दाम केलं होतं. आबाजी म्हणाले, "जुळवा परत. कागद मी देतो." तुझं 'नाही' आणि त्या चार ओळी जशाच्या तशा बसवल्या. फर्मा पुन्हा छापला. त्या ओळी जुळवताना एकेक शब्द पुन्हा वाचला. पहारेकऱ्याला दुसऱ्या दिवशी खरं कळतं, तरी तो कुलूप काढत नाही, हे त्यांतच लिहिलंय ना तू.

मेघना, मी पान बदललं ते सावरीसाठी नव्हतं. तू अकरा वर्षांची असताना आजोबांनी आणलेल्या बुद्धमूर्तीच्या तसबिरीची काच फुटली. तू भावाचं, विकीचं नाव घेतलंस, मी त्याला मारलं, आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी तू एकटी प्रेसमध्ये आलीस आणि सगळ्यांदेखत खरं सांगितलंस. मी म्हणालो, काम चाललंय, घरी जा. एवढंच. तू परत गेली होतीस गं, सावरीसारखी. कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. पोराला मारलं ते चुकलं, हे बापानं कबूल कसं करायचं, म्हणून चौदा वर्षं मी ते कुलूप काढलं नाही. आणि तू त्या पहारेकऱ्यालाही नुसता वाईट नाही केलंस, रोज बुरुजाबाहेर भाकरी ठेवताना दाखवलंस. एवढी माया तू कुठून आणलीस?

काल रविवारी वालचंदनगरला गेलो. विकीच्या क्वार्टरमध्ये बसून त्याला ते पान वाचून दाखवलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माराचं काय न्हाय तात्या. आठवडाभर बोलला न्हाय, ते लागलं व्हतं." मी त्याचे हात धरले. निघताना त्यानं दारात हाक मारली, "तायडीला सांगा, पुस्तकातल्या भावाला मिशा तरी द्यायच्या!" मिशांचं तू बघ, मी एक अक्षर हलवणार नाही. आज विहारात चौथं शील म्हटलं. अडलो नाही.

तुझाच,
तात्या