कोळ्याची मादी अंडी का टाकते

आई, तू जाऊन वीसेक वर्षं होत आली आणि मी आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोळी पाळते. हसू नकोस. आपल्या देवळालीच्या उसात जमिनीवर पळायचे ना, जाळं न विणणारे, तेच. त्यांची मादी अंड्यांची पांढरी गोळी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते. लहानपणी एकदा तू खुरपत असताना मी काडीनं एकीची गोळी काढून घेतली. ती वेड्यासारखी गोल गोल फिरायला लागली. तू खुरपं टाकून धावत आलीस. "दे तिची तिला. दे म्हनते ना!" मी गोळी खाली ठेवली, तिनं ती पुन्हा पोटाशी लावली, आणि तू तिथंच सरीत बसून राहिलीस. उसाची सावली तुझ्या पायांवरून सरकतेय, तू हलत नाहीस, असंच अजून दिसतं. माझ्यानंतरची तुझी तीन बाळं पोटातच गेली होती, हे मला फार नंतर कळलं. "हिच्यातच खोट हाय," असं आत्या अंगणात मोठ्यानं म्हणायची. तू पाणी भरत राहायचीस.

या उन्हाळ्यात वरच्या खोलीतला पंखा बंद पडला. कोळ्यांच्या बरण्या एकमेकींना खेटून, खायला किडे कमी. एकेक मादी गोळी टाकून द्यायला लागली, दोघींनी तर खाऊन टाकली. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, ह्या माद्यांतच खोट हाय." "माद्या चांगल्या आहेत," मी म्हणाले, जरा जास्तच जोरात. मग आम्ही दोघींनी बरण्या खालच्या गार खोलीत नेल्या, आत ओला कापूस ठेवला, पोटभर किडे दिले, एकीला दुसरी दिसू नये म्हणून बरण्यांमध्ये पुठ्ठे उभे केले. त्याच माद्यांनी पुन्हा गोळ्या केल्या. काल एकीची पिल्लं निघाली आणि तिच्या पाठीवर चढली. पाठ दिसेनाशी झाली. ती झोपेत चालल्यासारखी सावकाश चालत होती, आणि मी घरी जायची केडगावची बस चुकवून बघत बसले.

तू फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी, पोटात पोर असताना, भर उन्हात त्याच शेतात वाकायचीस. तुला कुणी गार खोलीत नेलं नाही. आत्याला मी अजून माफ केलेलं नाही. पण सातवीत असताना, राखीपौर्णिमेच्या सकाळी, तू माझी वेणी घालत होतीस आणि मीच म्हणाले होते, "तुझ्यामुळंच मला भाऊ न्हाई." तू ऐकलं नसशील, असं मी इतकी वर्षं मानत आले. तुझे हात थांबले होते, आई. मला ते कळलं होतं.