गायन नंबर एकशे सात

रविवार, १२ जानेवारी १९८६

आज ह्यांनी चुकीचा नंबर सांगितला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा!

चर्चमध्ये उपदेशानंतरचं गायन. पेटीवरून मान वर करून म्हणाले, "गायन नंबर एकशे साठ." मी पुस्तकात एकशे साठ काढलं. ते तर मयताच्या उपासनेतलं. कोणी वारलं की काय म्हणून मागे वळले. तोवर मंडळी उभी राहिली आणि भलतंच काही गाऊ लागली. भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं तर १०७. म्हणजे सगळ्यांनी पाटी पाहून सांभाळून घेतलं. मी एकटीच ह्यांच्या शब्दावर गेले.

शेजारी उत्तरा होती. ह्यांच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत गाते, बँकेत नोकरीला आहे. आज सर्दी म्हणून खाली बसलेली. तिने माझ्या पुस्तकाची पानं हळूच मागे उलटून दिली. वर पाहिलंसुद्धा नाही. पोरगी चांगल्या घरची.

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. हे नेहमीसारखे जेवले, वर दोनदा आमटी घेतली. आपण चुकलो हे त्यांच्या गावीही नाही. तेच मनाला लागलं.

मंगळवार, १४ जानेवारी

शेजारची रत्नप्रभा तिळगूळ घेऊन आली. आली म्हणजे खिडकीतून ओरडली. "अगो वयनी, दार वाजवून वाजवून हात मोडलो माझो! प्रार्थनेक बसलेलंस काय?" भांडी घासत होते म्हटलं. कडी सैल झाली असेल, वाजत नसेल. ह्यांना सांगून घट्ट करून घ्यायची.

रविवार, १९ जानेवारी

आज पाटीकडे बघूनच नंबर काढले. चूक झाली की नाही कळलं नाही. पण आवाज! आवाजाचं काय झालंय?

लग्नाच्या वर्षी आमच्या गावच्या देवळात हे पहिल्यांदा गायले तेव्हा बाहेर बैलगाड्या थांबल्या होत्या. आई म्हणाली होती, ह्या माणसाला घरात भांडायला आवाज चढवायची गरज पडणार नाही. मुलुंडला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत लागले तिथेही तेच. चौथीच्या वर्गात कविता म्हणायला लागले की बाजूच्या तिसरीचा वर्ग गप्प होतो, असं त्या वर्गाच्या बाई सांगायच्या. सकाळी शाळा, दुपारी घरी कच्च्या मुलांची फुकट शिकवणी, बुधवारी न् शनिवारी संध्याकाळी गायनाची तालीम. लेकीच्या, मृणालिनीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा तालीम चुकवली नाही. मांडवात मी एकटी.

आणि आज? तोंडावर घोंगडं घेऊन गावं तसं. सूर येतो, शब्द येत नाही.

खडूची धूळ. दुसरं काय असणार. तीस वर्षं तीच खाल्ली.

सोमवार, २० जानेवारी

हळद-दूध दिलं. ज्येष्ठमध आणलं. "कशाला गं?" विचारलं. घशाला, म्हटलं. माझ्याकडे बघत राहिले आणि प्यायले.

रविवार, ९ फेब्रुवारी

देवळातून येऊन वरण लावलं. कुकर जळला. शिट्टीच झाली नाही. हे वाचत बसले होते ते धावत आले, गॅस बंद केला, काहीतरी पुटपुटले. नवी शिट्टी आणायला हवी. जुनी टाकणार नाही, डब्यात ठेवली आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजपासून लेंत, ईस्टरपर्यंतचा उपासाचा काळ. चहातली साखर बंद. ह्यांच्या आवाजासाठी उपास धरला आहे, हे फक्त देवबापाला ठाऊक.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हल्ली हे घरात एकतर पुटपुटतात नाहीतर ओरडतात. मधलं काही नाही. गेल्या आठवड्यात "मीठ दे" हे दोनदा पुटपुटले आणि तिसऱ्यांदा असे ओरडले की रत्नप्रभा खिडकीत येऊन बघू लागली. मी म्हटलं, "मी काय शाळेतली पोर आहे?" ह्यांनी ताट उचललं, माझ्या शेजारून उठून समोर येऊन बसले, आणि मीठ घेतलं. त्या दिवसापासून जेवायला समोरच बसतात. शेजारी बसायची इतक्या वर्षांची सवय.

घशावर ताबा राहिला नाही की माणूस असाच ओरडतो. देवळातल्या नानांचं तसंच झालं होतं.

रविवार, २ मार्च

नानांबद्दल लिहायचंच.

ह्यांच्या आधी गायन चालवायचे ते नाना. म्हातारपणी आवाज फाटला. कोणी तोंडावर सांगितलं नाही. सगळे "वा नाना" म्हणत राहिले. आणि एका ईस्टरला मागच्या बाकावरची तरुण मुलं हसली. आधी एक, मग सगळी. नानांनी पेटीचा भाता बंद केला, टोपी घातली आणि चालते झाले. पुढे सात वर्षं जगले, पण देवळाची पायरी चढले नाहीत. पेटीवर बसायला त्याच दिवशी ह्यांना बोलावलं. गातानाही ह्यांचे डोळे गळत होते.

काल ईस्टरच्या तालमीला मुद्दाम गेले. सगळ्यात मागच्या बाकावर बसले. एक शब्द कळेल तर शपथ. नुसता गुंजारव. संपल्यावर उत्तरा धावत आली, "काकू, झकास लागला ना आज मास्तरांचा आवाज!" डोळे कसे चमकत होते. मी हो म्हटलं. म्हणजे तेच. तेच "वा नाना" पुन्हा सुरू झालं.

ह्यांना मी कोणाला हसू देणार नाही. माझा जीव गेला तरी.

बुधवार, ५ मार्च

पाळकसाहेबांकडे जाऊन आले. हे तालमीत होते तेव्हा.

सलाम करून बसले आणि एकदम सगळं बोलून टाकलं. ह्यांचा घसा गेलाय. शब्द फुटत नाहीत. नंबर चुकतात, एकशे सातचं एकशे साठ सांगतात. ईस्टरला भर मंडळीत काही होण्याआधी तुम्हीच त्यांना विश्रांती द्या. माझं नाव घेऊ नका.

पाळकसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "बाई, मला तर काही जाणवलं नाही." मी म्हटलं, तुम्हाला नाही जाणवणार, तुमचं त्यांच्यावर प्रेम आहे. मी घरची आहे. ते मग म्हणाले, "घरचं माणूस सांगतं म्हणजे खरंच असणार. पंचांशी बोलतो."

येताना वाटभर स्वतःला सांगत आले, बरं केलं. बरंच केलं ना?

शनिवार, ८ मार्च

पंचांची सभा झाली. ह्यांना पुढचे सहा महिने विश्रांती. ईस्टरचं गायन उत्तरा चालवेल. आभाराचा ठराव केला आणि शाल दिली.

हे शाल हातात धरून आले, खांद्यावर घेतली नव्हती. आपली वही काढली. त्यात प्रत्येक गायनाची पट्टी लिहिलेली आहे, कोणतं काळी एकमधून, कोणतं पांढरी चारमधून, म्हणजे बायकांना वर ओढाताण होत नाही. ती वही वर्तमानपत्रात बांधली. सुतळी मागितली. उत्तराला द्यायची म्हणाले. सुतळी मीच शोधून दिली.

मग माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. एकेक शब्द सुटा करून, चौथीच्या मुलांना शुद्धलेखन घालावं तसं विचारलं, "पाळकसाहेब म्हणाले, घरच्यांना काळजी वाटते. तुला. माझा आवाज. कसा. ऐकू येतो?"

आता लपवून काय उपयोग? म्हटलं, "कापूस कोंबल्यासारखा."

"कधीपासून?"

"नाताळापासून."

वर्गातल्या मुलाचं गणित कोणत्या पायरीवर चुकलं ते सापडलं की हे जशी मान हलवतात ना, तशी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझा हात हातात घेतला. पेटी वाजवून वाजवून बोटांची टोकं चपटी झाली आहेत त्यांची.

बुधवार, १२ मार्च

तालमीची वेळ. हे सहा वाजता कपडे करून बसले आणि सात वाजता कपडे काढून ठेवले.

गुरुवार, २० मार्च

उत्तरा आली होती. रडलेली दिसली. हे शिकवणीच्या मुलांना पाढे देत बाहेर बसले होते. ती स्वयंपाकघरात माझ्या अगदी जवळ येऊन बोलली, म्हणून एकूण एक शब्द कळला.

"काकू, मी मास्तरांना म्हटलं, तुमच्या घशाला काही झालेलं नाही, एकदा पंचांपुढे उभे राहा आणि गाऊन दाखवा! ते काय म्हणाले माहीतये? म्हणाले, घरच्या माणसाला सगळ्यांत खोटं पाडून मला पेटीवर बसायचं नाही."

मी भाजी चिरत राहिले.

"तुम्ही तरी सांगा ना त्यांना, काकू."

काय सांगू मी हिला? ह्यांच्या तोंडी माझं नाव नाही, ठपका नाही. घरचं माणूस म्हणे. तिला बिचारीला वाटतं, मंडळी म्हणजेच मास्तरांचं घर, पंचांतलाच कोणी दुष्ट असेल. चहा दिला.

शुक्रवार, २८ मार्च

उत्तम शुक्रवार. तीन तासांची उपासना. हे पुरुषांच्या बाजूला खांबाआड बसले. पुस्तक बंदच.

प्रभू, माझं काही चुकलं असेल तर मला दाखव. त्यांना शिक्षा देऊ नको.

रविवार, ३० मार्च

ईस्टर. पहाटेची उपासना, देवळात उभं राहायला जागा नाही. पांढऱ्या साड्या, फुलं, सगळं दरवर्षीसारखं.

उत्तरा पेटीवर बसली. गळ्याला घाम आला होता तिच्या. तिने सुरुवात केली आणि — काय लिहू? तिलाही आवाज नाही. तेच घोंगडं, तोच कापूस. बाकीच्या मुलीही तशाच, तोंडं उघडतात आणि मिटतात. मी आजूबाजूला पाहिलं, आता लोक काय म्हणतात म्हणून. कोणाला काही नाही. पाळकसाहेब खुशीत होते. एक म्हातारी डोळे पुसत होती.

आता कोणालाच आवाज राहिला नाही म्हणायचा. ह्यांच्यामागे मंडळीचा सूरच गेला. हे मी केलं.

खांबाआडून हे उपासनेकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

शनिवार, ५ एप्रिल

मृणालिनी बोरिवलीहून आली. येताना पायरीवर तिच्या बाबांशी बराच वेळ बोलत उभी होती. मग आत येऊन माझ्या खांद्याला हात लावून, तोंड माझ्याकडे करून म्हणाली, सोमवारी बाबांना मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं. कान-नाक-घशाचे डॉक्टर ओळखीचे आहेत. मी म्हटलं, हे मी जानेवारीपासून सांगते आहे. बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं.

हे म्हणाले, "येतो. पण तू आत यायचं, बाहेर बाकावर नाही बसायचं."

माझा धीर लागतो अजून. एवढं सगळं होऊनही.

सोमवारी काय निघेल? घशात गाठ वगैरे नको, देवबापा. एवढं एक ऐक.

सोमवार, ७ एप्रिल

डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. स्वच्छ. विशीतल्या माणसासारखा, म्हणाले. मी उठले. हे उठले नाहीत. माझ्याकडे बोट करून डॉक्टरांना काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"आता हिचे कान बघा."

बसस्टॉपवर मी विचारलं, त्या रविवारी नंबर कोणता सांगितला होता तुम्ही?

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. एक बोट दाखवलं. मग मूठ. मग सात बोटं.