चार शॉकअप आणि पाळीचा रस्ता

५ फेब्रुवारी, बुधवार

व्हॅन आज जॅकवर चढवली. चढवली म्हणजे — पुढची दोन चाकं काढली, खाली लाकडाचे ठोकळे दिले आणि कंबर धरून दारापुढच्या सोप्यावर बसलो. अर्धा तास! खाणीवर डंपरचं चाक माझ्या डोक्यापेक्षा उंच असायचं, तेव्हा काही वाटलं नाही. आता या डबड्याने घाम काढला.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर चार दिवसांनी मीच विचारीन कोणी सांगितला होता हा उद्योग. गेल्या गुरुवारी शेवंतीला तिसऱ्या केमोसाठी बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं. आमच्या पाळी गावाहून डिचोली येईपर्यंत मागच्या सीटवर आडवी पडून कण्हत होती. "धक्के मारता हो गाडी. हाडां मोडली म्हजीं." अजून तीन केमो व्हायचे आहेत. पुढचा वीस तारखेला. डॉक्टरांना विचारलं तर 'बघूया' म्हणतात. आमची सेजल म्हणते, सहा पुरे झाले की आई बरी. लेक आहे, ती तसंच म्हणणार. मीही तसंच म्हणतो.

रस्ता माझ्या हातात नाही. खनिजाचे ट्रक परत सुरू झाले आणि त्याची चाळण झाली. पण गाडी माझ्या हातात आहे. चौतीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात डंपरांची सस्पेन्शनं खोलली, माणसाएवढी उंच, आत तेल आणि गॅस कोंबलेली. त्यापुढे व्हॅनचे चार शॉकअप म्हणजे पोरखेळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोरखेळ नाही. स्प्रिंग दाबताना हूक निसटला. अंगठा वाचला, नख गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुढचे दोन्ही शॉकअप खोलले. तेल म्हणावं असं आत काही नव्हतंच, काळी चहापूड निघाली. सील फाटलेले. बिचारी नुसत्या लोखंडावर आदळत गेली तीन वेळा, आणि चालवणारा कोण, तर सस्पेन्शनचा मेस्त, खाणीवरचा मिस्त्री! लाज वाटली.

सेजलचा सासरहून, धारगळीहून फोन. "पपा, नवे घालून टाका ना, कशाला झिजता?" या जुन्या मॉडेलचे म्हापशात मिळतात ते नकली, असं तिला सांगितलं. ते खरंच आहे. पण पूर्ण खरं ते नव्हे. शेवंतीच्या दुखण्यात मला करण्यासारखं एवढंच आहे. गोळ्या मोजून द्यायच्या, पेज निववून द्यायची आणि गप्प बसायचं. निदान हे तरी माझ्या हाताने होऊ दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सील घेऊन भैरूकडे गेलो. वर्कशॉपात माझ्या हाताखाली होता, बेळगावकडचा. आता डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत स्वतःचं लेथ टाकलंय. मला बघून म्हणतो, "काय ओ मेस्त, रिटायर झालासा तरी हात काळेच?" सीलचं माप अर्ध्या मिलीने चुकतंय. दांडेही झिजलेत. म्हणाला, पॉलिश करून सील बसवून देतो, चार दिवस द्या. वहिनींचं विचारलं. 'आहे' म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हाताला काम नाही, म्हणून डोक्याने काम केलं. एक गोष्ट जुळत नाही. शेवंती कण्हते ती जाताना. येताना चकार शब्द काढत नाही. तोच रस्ता, तीच गाडी, उलट येताना तर अंगात ते विष भिनलेलं.

मग सुचलं. आमच्या रस्त्याला दोन बाजू — भरलेले ट्रक जातात ती आणि रिकामे परततात ती. भरलेल्या बाजूचं डांबर आधी मोडतं. जाताना आम्ही भरल्या बाजूने जातो. एवढं साधं! शेवंतीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि 'असेल बापडं' अशा सुरात म्हणाली, "आसतलें."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेवंती आज आपण होऊन सोप्यावर येऊन बसली. तांबडी भाजी निवडली. पाववाल्या पोदेराकडून दोन उंडे घेतले, त्यातला एक चहात बुडवून पुरा खाल्ला. महिन्याभरात पहिल्यांदा. डोक्याला रुमाल बांधलाय तो चांगला दिसतो म्हटलं, तर म्हणाली, "म्हातारपणी तुमकां दोळे फुटले."

मग विचारलं, "आनी किते दीस लागतले गाडयेक?" मी म्हटलं, चार-पाच. "लागूं दी. घाय करूं नाकात." माझ्या कंबरेची काळजी. स्वतःचं एवढं असून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भैरूने काम सुबक केलंय. तेल भरलं, शॉकअप बंद केले, गाडीवर चढवले. मागचे दोन परवाच उरकले होते. भैरूला बोलावून घेतलं, कारण खाणीवरचा आमचा नेम होता: ज्याने सस्पेन्शन बंद केलं त्याने पहिल्या फेरीला वर बसायचं. चूक असेल तर आधी त्याच्या पाठीत शिरू दे. म्हणून भैरू चालवायला आणि मी मागे, शेवंतीच्या जागी, तिच्यासारखाच आडवा.

देवा रे! पहिल्याच खड्ड्यात दात वाजले. दुसऱ्यात जीभ चावली. पूर्वीपेक्षा वाईट. नाक्यावर थांबून भैरूने विचारलं, "तेल कुठलं घातलासा?" मी म्हटलं, अडुसष्ट नंबर, कुठलं म्हणजे? तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. "मेस्त, ते डंपरचं ओ! एवढं जाड तेल हलतंय कुठलं यात? चाळीस टनाला घालतासा तेवढं वहिनींना घातलासा!"

मला हसू आलं नाही. चाळीस टन ओझं सांभाळायचं तर जाडच तेल लागतं, हे हाताला इतकं ठाऊक की डोक्याला विचारलंच नाही. शेवंती आता भरते अडतीस किलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परत जॅक, परत ठोकळे. वीस तारीख गाठणं आता शक्य नाही. सेजल फोनवर तापली. "साईशची गाडी पाठवतंय, तो स्वता येतलो." शेवंतीने फोन माझ्या हातून घेतला. "जांवयाच्या गाडयेंत ओकूं? लोक किते म्हणटले?" मी म्हटलं, मग भाड्याची गाडी? "परक्यामुखार आडवी पडचें ना." शेवटी सेजलने हॉस्पिटलात विचारून सत्तावीस तारीख घेतली. आठ दिवसांनी फार बिघडत नाही म्हणे, पण त्यापुढे नको.

माझ्या चुकीने तिचा केमो पुढे गेला. रागाने पाना भिंतीवर फेकला. शेवंती म्हणाली, "भिंतीन किते केलां?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दमलो. चौसष्टाव्या वर्षी एकच काम दोनदा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोटरसायकलच्या फोर्कात घालतात ते पातळ तेल घातलं. दोन्ही बाजूंना सारखं, तीनदा मोजून. भैरू आला. मी मागे आडवा. पाळी ते डिचोली, भरल्या बाजूने. खड्डा येतो ते कळतं, पण तो पोटापर्यंत पोचत नाही. अर्ध्या वाटेत चक्क डोळा लागला! भैरू म्हणाला, "जमलं की ओ."

मागे पडल्या पडल्या एक ध्यानात आलं. तिथून रस्ता दिसत नाही. छताचं फाटकं रेक्झिन तेवढं दिसतं, आणि विजेच्या तारा. तीन वेळा ती हे बघत गेली. रेक्झिन बदलायला हवं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शेवंतीला फिरवून आणलं. डिचोली बाजारापर्यंत. मागे झोपवत होतो तर म्हणाली, "आज मुखार बसतां." पुढच्या सीटवर बसवलं. हॉटेलात भाजी-पाव खाल्ला, अर्धा मला दिला. परत येताना मुद्दाम दोन खड्ड्यांत चाक घातलं.

"लागलं?"

"ना. बरी जाल्या गाडी."

एवढं बरं वाटलं मला की काय लिहू. वीस दिवसांच्या कामाचा कोणी पगार दिल्यासारखं. म्हटलं, आता परवा बघ, बांबोळीपर्यंत झोपून जाशील. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पेज घेतली नाही. भाजी-पाव जड झाला असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

छताला नवं रेक्झिन लावलं. शेवंती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. ताप नाही. कुठे दुखतं विचारलं तर मान हलवते. उद्या सहाला निघायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शर्ट-पँट घालून बाहेर आलो तर शेवंती सोप्यावर बसलेली. साडी बदललेली नाही. म्हणाली, "गाडी परत खोलात." मी म्हटलं, आता कशाला? चांगली चालते. "खोलात म्हणटां न्ही. माका थंय वचपाक नाका आतां. जाय तितलें जालें. सेजलाक म्हज्यान सांगूंक जायना."

बांबोळीला तिला परत जायचंच नव्हतं, आणि ते लेकीला सांगवत नव्हतं. रडलो. तिने रडू दिलं. मग शर्ट काढून खुंटीला लावला, जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं काढली. हात धुतले आणि सेजलला फोन केला — गाडी खोललेली आहे म्हणून.